उसाचा ट्रॅक्टर सपाटीला ठीक, तवंदी घाट चढताना पाणी उकळतंय

ऊसकरी_निपाणी
८ जानेवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. आमचा ५५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, सात वर्षांचा, मीटरवर ६,२०० तास झालेत. दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहतो. गेल्या हंगामापर्यंत एक तक्रार नव्हती. यंदा तोडणी सुरू झाली आणि चौथ्या-पाचव्या खेपेपासून एकच दुखणं मागं लागलंय.

निपाणीतून संकेश्वरकडं निघालो की स्तवनिधीपर्यंत पाण्याच्या तापमानाचा काटा बरोबर मध्यावर. तवंदी घाटाला लागलो की निम्मा घाट चढायच्या आत काटा लालीला टेकतो. वर पोचेपर्यंत ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी फेकायला लागतो. वर सपाटीला दहा-पंधरा मिनिटं थांबलो की सगळं शांत, पुढं कारखान्याच्या यार्डापर्यंत काटा हलत नाही. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत येताना तर काहीच नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. एका गॅरेजात दाखवलं, त्यांनी बघितल्या बघितल्या हेड पॅकिंग (इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट) गेलंय म्हणून सांगितलं. हेड उतरवलं, फेसिंग केलं, पॅकिंग नवीन घातलं. १९ हजार गेले आणि आठ दिवस ट्रॅक्टर उभा. तोडणीची टोळी फडात बसून राहिली, त्यांचं नुकसान वेगळंच. दुसऱ्याच खेपेला घाटात परत तेच. मग त्यांनी थर्मोस्टॅटचा वॉल (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडं सोडणारा) काढून टाकला. आता काटा थोडा उशिरा चढतो, खरं चढतोच.

आता म्हणतात रेडिएटर नवीन घाला. वडील म्हणतात हंगाम संपेपर्यंत एकच ट्रॉली ओढू. एका ट्रॉलीत डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार भागून हातात काही राहत नाही. पैसे घालायला तयार आहे, खरं कुठं घालायचे ते आधी कळू दे. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

डिझेलफिटर
८ जानेवारी, रात्री ११:०२

आता एकही पार्ट बदलू नका. तीस वर्षं हेच काम केलंय म्हणून सांगतो. चढाला गरम होणाऱ्या गाडीची सगळ्यात जास्त हेडं उगीच उतरवली जातात. पॅकिंगमधली बारीक गळती फक्त लोडवर दिसते, हेही खरं आहे. म्हणून हेड उतरवायच्या आधी तपासायचं असतं, नंतर नाही.

काही गोष्टी विचारतो, आठवून लिहा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू केलंत तर पाण्यात सतत बुडबुडे येतात का? चालू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, दगडासारखा कडक होतो का? थंड इंजिनात होज इतक्या लवकर कडक झाला तर ती वाफ नसते, सिलिंडरातला गॅस पाण्यात शिरतोय असं समजायचं. इंजिन ऑइल दुधाळ झालंय का? पाणी रोज किती कमी होतं, फक्त घाटात फेकलं तेवढंच की उभ्या जागीही? धूर कसा आहे? काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा. उसाच्या फडातली धूळ फिल्टरची काय गत करते ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि गेल्या हंगामानंतर रेडिएटरला कुणी हात लावला होता का? हे नीट आठवा.

एक विनवणी. गरम असताना झाकणाला हात लावू नका. गोणपाट गुंडाळूनसुद्धा नाही. माझ्या चुलत्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, दोन महिने कामावर नव्हता.

चिकोडीचा_पोरगा
९ जानेवारी, सकाळी ७:३०

आमच्याकडं सगळेच वॉल काढून टाकतात. वॉल नसला की पाणी जोरात फिरतं आणि इंजिन थंड राहतं. वॉल काढूनही गरम होत असेल तर रेडिएटरच गेलाय.

डिझेलफिटर
९ जानेवारी, सकाळी ८:१०

चिकोडीवाले, हा समज मलाही माझ्या उस्तादानं शिकवला होता, नंतर सोडावा लागला. वॉल काढला की सपाटीला इंजिन जरुरीपेक्षा थंड राहतं. थंड इंजिन डिझेल जास्त खातं, जळण अर्धवट होतं, रिंगा-लायनर लवकर झिजतात. शिवाय बऱ्याच इंजिनांत वॉल उघडला की बायपासची वाट बंद होते. वॉलच नसला तर त्या उघड्या वाटेनं थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच्या गरम परत इंजिनात जातं. म्हणजे ऐन चढाला उलटंच होतं.

वॉलवर शंका असेल तर काढून पातेल्यात सोडा आणि पाणी तापवा. त्यावर ८२ लिहिलेलं असेल तर ८२ अंशाच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. स्वयंपाकघरातलं पातेलं आणि एक थर्मामीटर, एवढ्यावर भागतं. घरातल्या बाईमाणसाला विचारून जुनं पातेलं घ्या, नंतर ते स्वयंपाकाला वापरू नका.

चंदगडचा_मामा
९ जानेवारी, दुपारी १:४५

मी चाळीस वर्सं स्टिअरिंगवर हाय. पोरा, घाट कुठल्या गिअरात चढतोस ते आदी सांग. आताची पोरं वरच्या गिअरात ॲक्सिलेटर दाबून इंजिनाला कन्हायला लावत्यात. इंजिन धापा टाकाय लागलं की समज, त्याला वारा बी मिळंना आणि पाणी बी मिळंना. घाट लागायच्या आदीच, चाकं सपाटीला हाईत तवाच खालचा गिअर टाकून घ्यायचा. चढावर मधीच गिअर बदलाय जाशील तर लोड मागं ओढतंय आणि ट्रॉली नाचतीय.

आणि चाकातली हवा बघ. ट्रॉलीच्या एका चाकाचा ब्रेक धरून ऱ्हायला असंल तर ट्रॅक्टर रडतोय आणि मालक इंजिनाला शिव्या देतोय, आसं लई येळा बगितलंय. खेप टाकून आल्यावर समद्या ड्रमाजवळ हात न्हे, लावू नको. एकच ड्रम चटका देत असला तर तिथं बघ.

हिरण्यकेशी
९ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

मी बेळगावला मेकॅनिकल केलं, आता कोल्हापुरात नोकरीला आहे. माहेर हुक्केरी तालुक्यात, आमच्याही घरी ऊस आहे. मामा अनुभवानं सांगतात ते आकड्यांतही तसंच दिसतं, म्हणून मांडते.

दोन्ही ट्रॉल्या, ऊस आणि ट्रॅक्टर मिळून २४ टन धरू. डांबरी सपाट रस्त्यावर चाकं फिरवायलाच वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ लागते. ताशी २० किमी वेगानं हे सुमारे २६ किलोवॅट, म्हणजे ३५ एचपी झाले. आता चढ चार टक्के धरा, म्हणजे १०० मीटरला ४ मीटर उंची. एकूण ओढ तिप्पट झाली. ताशी १० किमीनं चढायचं म्हटलं तरी सुमारे ३९ किलोवॅट, म्हणजे ५३ एचपी लागतात. गिअरबॉक्समध्ये जाणारं वेगळंच. तुमचं इंजिन ५५ चं आहे. म्हणजे घाटात ते सलग दहा-पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीवर चालतंय आणि सपाटीला जेमतेम दोन तृतीयांशावर. सपाटीला काटा मध्यावर राहिला, यावरून रेडिएटर धडधाकट आहे असं सिद्ध होत नाही. त्याची क्षमता तीस टक्के घटली असेल तरी सपाटीला कळणार नाही, घाटात पहिल्याच वळणाला कळेल.

डिझेलमधल्या उष्णतेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश कामाला लागते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेल्यातला मोठा वाटा पाण्याला बाहेर टाकावा लागतो. घाटात इंजिन ४० किलोवॅट काम करत असेल तर जवळपास तितकीच उष्णता पाण्यातून निघाली पाहिजे. घरातले वीस गीझर एकदम चालू आहेत असं समजा.

आता गिअर. तोच चढ ताशी ७ किमीनं चढलात तर २७-२८ किलोवॅटच लागतात. शिवाय खालच्या गिअरात इंजिन २,००० आरपीएमवर राहतं, वरच्या गिअरात दबून १,३०० वर येतं. फॅन आणि वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतात, म्हणजे १,३०० ला वारा आणि पाणी दोन्ही एक तृतीयांशानं कमी. कारला धावत्या वेगाचा वारा मिळतो, ट्रॅक्टरला ताशी ७-१० किमीला कसला वारा? त्याला जे काही मिळतं ते फॅनचंच.

एवढं मात्र लक्षात ठेवा, रात्री हायवेवर इतक्या हळू चालणारी डबल ट्रॉली हा मागच्याच्या जिवाशी खेळ आहे. मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी, दिवा आणि डावी कड, यात कसूर करू नका.

ऊसकरी_निपाणी
९ जानेवारी, रात्री ९:५०

अण्णा, मामा, ताई, सगळ्यांचे आभार. आज सकाळी थंड इंजिनावर झाकण काढून बघितलं. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले, नंतर पाणी शांत फिरत होतं. होज मऊच. ऑइल स्वच्छ. धूर घाटात थोडा काळपट, फिल्टर साफ केला. ब्रेकचे ड्रम सगळे सारखेच कोमट. गिअरचं म्हणाल तर मामा, ड्रायव्हर वरच्याच गिअरात चढवत होता, आज विचारलं तेव्हा कळलं. खरं गेल्या वर्षीही तोच ड्रायव्हर, तोच गिअर आणि तोच घाट होता.

रेडिएटरचं आठवलं. जूनमध्ये खालच्या टाकीला गळती होती म्हणून उतरवून झाळकाम करून घेतलं होतं. जोडला शेजारच्या गावातल्या एका मिस्त्रीनं.

डिझेलफिटर
९ जानेवारी, रात्री १०:३०

पॅकिंगची शंका जवळपास संपली. तरी खात्री हवी असेल तर रेडिएटरच्या तोंडावर लावायचं निळ्या औषधाचं किट मिळतं. पाण्यात सिलिंडरचा गॅस असेल तर त्या औषधाचा रंग बदलतो. मोठ्या गॅरेजात असतं.

आता एक टेम्परेचर गन मिळवा, हजार-बाराशेला येते, कुणाकडून उसनी मिळाली तर उत्तम. रेडिएटरच्या वरच्या टाकीवर आणि खालच्या टाकीवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, कारण चकचकीत धातूवर ती गन खोटं बोलते. मग भरल्या ट्रॉल्यांनी घाट चढा. काटा लालीजवळ आला की रुंद जागा बघून कडेला घ्या, हँडब्रेक ओढा आणि ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा. इंजिन बंद करू नका, १,८०० वर ठेवा. अर्ध्या मिनिटात दोन्ही टेपांवरचे आकडे घ्या. उशीर केलात तर लोड गेल्यामुळं आकडे उतरतात.

यातून काय कळतं ते आधीच सांगून ठेवतो. वर आणि खाली फरक खूप जास्त असेल, वीस-पंचवीस अंश, तर पाणी फार हळू फिरतंय. वॉटर बॉडीची पाती गंजली, पट्टा घसरतोय, किंवा खालचा होज ओढीनं आत चिंबतोय. खालच्या होजमध्ये तारेची स्प्रिंग असते, जुन्या होजमधली ती गंजून मोडते. उभ्या जागी होज गुटगुटीत दिसतो आणि आरपीएम वाढला की पापडासारखा चपटा होतो. फरक अगदी कमी असेल, चार-पाच अंश, आणि तरी पाणी उकळत असेल, तर पाणी फिरतंय पण थंड होत नाही. मग वाऱ्याकडं बघायचं.

आणि गनचे आकडे तुमच्या काट्याशी ताडून बघा. सेन्सर खराब असल्यानं लालीत जाणारे काटे मी खूप बघितलेत. तुमचं पाणी बाहेर पडतंय म्हणून तसं वाटत नाही, तरी बघा.

जांबोटीकर
१० जानेवारी, सकाळी १०:०५

धागा वाचतोय, माझंही असंच आहे म्हणून मध्येच विचारतो. माझी पिकअप आहे, मागं जनरेटरचा ट्रेलर ओढतो, मंडपाचं काम. गोव्यातून परत येताना केरीपासून चोर्ला चढायला लागलो की काटा वर जातो. बेळगाव ते जांबोटी, कणकुंबी सगळं ठीक. एसी चालू असतो. रेडिएटर आणि होज गेल्याच वर्षी नवीन घातलेत.

डिझेलफिटर
१० जानेवारी, सकाळी ११:२०

जांबोटीकर, तुमचं दुखणं वेगळं असू शकतं. पिकअपच्या फॅनच्या मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. गरम झाला की तो फॅनला इंजिनाबरोबर घट्ट धरतो. तेल गळून गेलं की फॅन नुसता ढिला फिरत राहतो. ताशी ६० नं पळताना समोरून वारा येतो म्हणून कळत नाही, चोर्ल्याच्या वळणांवर ताशी १५-२० ला लगेच कळतं. घाट चढून इंजिन गरम असतानाच बंद करा, चावी काढून खिशात घाला आणि मग फॅन हातानं फिरवा. जड लागला पाहिजे. दोन-तीन वेढे मोकळा फिरला, किंवा मध्यभागी तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर क्लच गेला. तोवर घाटात एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि काचा खाली. गरम होतं आपल्याला, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता बाहेर निघते.

ऊसकरी_निपाणी
११ जानेवारी, रात्री ११:१०

आकडे आणलेत. गन निपाणीतल्या एका एसी दुरुस्तीवाल्या मित्राकडून घेतली. काटा लालीला टेकला त्या क्षणी वरची टाकी १०४, खालची ९९. फरक पाच. म्हणजे काटा खोटं बोलत नाही आणि पाणी फिरतंय. खालचा होज भावानं बघितला, चिंबत नाही.

मग हौसेनं जाळीवर सगळीकडं गन फिरवली. बहुतेक ठिकाणी ९७-९८. खाली डाव्या कोपऱ्यात हातभर पट्ट्यात ७२. हे काय?

हिरण्यकेशी
११ जानेवारी, रात्री ११:४०

फार चांगलं केलंत. तो ७२ चा पट्टा म्हणजे तिथल्या नळ्यांमधून पाणी जातच नाही, आत क्षार बसून बुजल्यात. गरम पाणी तिथं पोचत नाही म्हणून ती जागा थंड. म्हणजे रेडिएटरचा तेवढा भाग कामातून गेलाय. पण तेवढ्यानं वर-खाली फक्त पाचचा फरक राहणार नाही. वारा कमी पडतोयच.

आता एक सोपी गोष्ट करा. इंजिन १,८०० वर ठेवा आणि वर्तमानपत्राचा एक पूर्ण कागद पुढच्या जाळीसमोर धरून सोडा. वारा नीट ओढला जात असेल तर कागद चारी कोपऱ्यांनी जाळीला चिकटून बसतो. कुठं चिकटतो, कुठं फडफडतो ते बघा. पुढूनच करा, फॅनच्या बाजूला हात किंवा कागद नेऊ नका.

ऊसकरी_निपाणी
१२ जानेवारी, सकाळी ८:५५

ताई, कागद मधोमध चिकटतो, ताटाएवढ्या गोलात. चारी कोपरे फडफडतात. खालचा डावा कोपरा तर बाहेरच येतो, आतून वारा पुढं येतोय!

मग बॉनेट उघडून गेल्या हंगामाच्या आधी काढलेल्या मोबाईलमधल्या फोटोशी ताडून बघितलं. फोटोत रेडिएटरच्या मागं फॅनभोवती पत्र्याचा गोल आहे. आता तो नाही. रेडिएटरच्या कडेला बोल्टाची चार भोकं आहेत, दोन रिकामी, दोनात मोडलेले बोल्ट. पुढच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या मध्ये पाचट आणि धूळ मिळून थरच्या थर झालाय, बोटानं ओढला तर गोधडीसारखा निघाला.

डिझेलफिटर
१२ जानेवारी, सकाळी ९:१५

सापडलं. तो पत्र्याचा गोल म्हणजे फॅनचं काऊल. जूनमध्ये रेडिएटर जोडताना बोल्ट मोडले आणि काऊल ठेवून दिलं. बिनकामाचा पत्रा वाटतो म्हणून हे फार ठिकाणी होतं. काऊल असलं की फॅन रेडिएटरच्या पूर्ण जाळीतून वारा ओढतो. काऊल नसलं की फॅन फक्त स्वतःसमोरच्या गोलातून ओढतो आणि पात्यांच्या टोकाकडून इंजिनाचा गरम वारा परत पुढं फेकतो. तुमचा कागद तेच सांगतोय.

जून-जुलैत शेतीकामाला लोड कमी, म्हणून कळलं नाही. उसाच्या खेपा सुरू झाल्या, मध्ये पाचट भरत गेलं आणि घाटात पडदा उघडला.

जुनं काऊल त्या मिस्त्रीकडं पडलं असेल तर मागा. फॅनची पाती काऊलमध्ये निम्मी आत, निम्मी बाहेर राहिली पाहिजेत आणि टोकाला चहूबाजूंनी सारखी, जेमतेम इंचभर मोकळीक. फॅनही बघा. उलटा बसवलेला फॅन मी दोनदा बघितलाय. वाऱ्याची दिशा तीच राहते, जोर मात्र पार कमी होतो. पात्याची खोलगट बाजू वारा ढकलते त्या दिशेला, म्हणजे इंजिनाकडं असली पाहिजे.

पाचट कॉम्प्रेसरच्या हवेनं काढा, फॅनच्या बाजूनं पुढं. पुढून आत मारलंत तर घाण आणखी आत घुसते. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या पाण्यानं पातळ पत्त्या वाकतात, ते नको.

आणि एका खेपेला एकच बदल करा. सगळं एकदम केलंत तर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही.

चंदगडचा_मामा
१२ जानेवारी, दुपारी १२:३०

शाब्बास पोरा. फोटो काढून ठेवतोस ते लई ब्येस. आमच्या काळात मिस्त्रीच्या म्होरं बसून ऱ्हायला लागायचं, काय काढलं काय घातलं ते बघत.

ऊसकरी_निपाणी
१७ जानेवारी, रात्री १०:४०

संक्रांतीमुळं दोन दिवस टोळी घरी होती, त्यामुळं काम उरकलं.

काऊल त्या मिस्त्रीच्या शेडमागं सापडलं, चेपलेलं. भांडलो नाही, त्यानं स्वतः ठोकून सरळ करून दिलं, बोल्टही काढून दिले. काऊल बसवून आणि पाचट साफ करून पहिली खेप नेली, गिअर मुद्दाम जुनाच ठेवला. घाटाच्या वर काटा लालीच्या अलीकडं थांबला. वरची टाकी ९८, खालची ९०. पाणी फेकलं नाही.

मग रेडिएटर उतरवून कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. त्यांनी वरची टाकी सोडवून नळ्यांत सळई मारली. मी समोर उभा होतो. डाव्या बाजूच्या नळ्यांतून पांढरी खडूसारखी पूड पडत होती, चहाच्या कपभर तरी निघाली. आम्ही सात वर्षं शेतातल्या बोअरचं पाणी ओततोय, त्याचाच हा खार. २,६०० रुपये घेतले. वॉल नवीन घातला, आधी पातेल्यात तापवून बघितला, ८३ ला हलला.

काल भरल्या ट्रॉल्यांनी, त्याच गिअरात, वर ९२ आणि खाली ८२. आज मामांनी सांगितल्याप्रमाणं स्तवनिधीलाच खालचा गिअर टाकून चढलो, वर ८९. चार मिनिटं जास्त लागली. गेल्या खेपांत वर पंधरा मिनिटं थांबत होतो ती वाचली.

जांबोटीकर
१८ जानेवारी, सकाळी ९:००

अभिनंदन दादा. माझाही फॅन गरम असताना तीन वेढे मोकळा फिरला, मधे तेलाचा डागही आहे. क्लच मागवलाय. अण्णा, उपकार झाले.

चिकोडीचा_पोरगा
१८ जानेवारी, सकाळी ११:४५

पटलं. आमच्या ट्रॅक्टरचा वॉलही परत घालतो. पाण्याचं विचारायचं होतं. आमच्याकडंही बोअरचंच पाणी, खारट. मग काय भरायचं? कूलंटनं पाणी लवकर उकळत नाही म्हणतात, ते खरं का?

हिरण्यकेशी
१८ जानेवारी, रात्री ८:३०

खरं आहे, पण जास्त हातभार झाकणाचा असतो. आपला भाग उंचावर आहे. बेळगाव साधारण ७५० मीटर, तिथं उघड्या भांड्यात पाणी साडेसत्त्याण्णव अंशाच्या आसपासच उकळतं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ बार लिहिलेलं असेल आणि त्याची स्प्रिंग, रबर चांगलं असेल, तर तेच साधं पाणी ११७ च्या आसपास उकळतं. निम्मं कूलंट असेल तर आणखी सात-आठ अंश वर. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं, की हे वीस अंश हातचे गेले. म्हणून दोनशे-तीनशे रुपयांचं झाकण आधी बघा, आणि लिहिलेल्या दाबाचंच घ्या. जास्त दाबाचं घातलंत तर होज आणि झाळ फुटते.

पाणी बोअरचं नकोच. आरओचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात कंपनीनं सांगितलेलं कूलंट निम्मं. कूलंटचं खरं काम गंज आणि खार थांबवणं. दोन वेगळ्या प्रकारची कूलंटं मिसळू नका, आत चिकट गाळ होतो. आणि ते गोडसर लागतं पण विषारी आहे. काढलेलं कूलंट गोठ्याजवळ, जनावरं तोंड घालतील अशा जागी ओतू नका.

डिझेलफिटर
१८ जानेवारी, रात्री ९:१०

ताईंनी सांगितलं त्यात एक भर. कधी पाणी उकळलंच, तर इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेडला चीर जाते. लोड काढा, हजार-बाराशे आरपीएमवर चालू ठेवा, काटा उतरला की बंद करा. पाणी सगळंच निघून गेलं असेल तर मात्र लगेच बंद. मग तासभर तरी झाकणाला हात नको.

ऊसकरी_निपाणी
२६ जानेवारी, रात्री ९:२०

आठ खेपा झाल्या, काटा मध्याच्या वर गेला नाही. आजच्या खेपेला वडील स्वतः ट्रॅक्टरवर बसून आले. घाटाच्या वर पोचल्यावर गन माझ्या हातातून घेतली आणि स्वतः आकडा बघितला, ८८. पुढच्या जाळीला आम्ही बारीक मच्छरजाळी बांधलीय, काढता येते अशी. यार्डात वजनकाट्याच्या रांगेत उभं असताना ड्रायव्हर ती सोडून झटकतो, आज मूठभर पाचट निघालं. वडिलांनी त्याला वहीत लिहून ठेवायला सांगितलंय: खेप, गिअर, वरचा आकडा, जाळी झटकली की नाही. दुसरी ट्रॉली उद्यापासून भावकीतल्या चुलत्याचा ऊसही आणणार आहे.